लाटांसाठी मुलगी मागायला

नांदेडला चालले आहे म्हटलं की पुण्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, "तिकडे कशाला?" जणू काही मी काळ्या पाण्यावर निघाले होते. खरं सांगते, मलाही आतून तेच वाटत होतं. मी रत्नागिरीकडची. जन्म समुद्रकाठी, सगळी हयात लाटांच्या गणितात गेली, आणि साठीला टेकेपर्यंत मराठवाड्याचं तोंड पाहिलं नव्हतं. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात तिथे लाटावाल्या बाईचं काय काम? आता परत येऊन पंधरवडा झाला. ज्यांनी ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांना समोर बसवून सगळी हकिगत ऐकवायची खुमखुमी काही केल्या जाईना, म्हणून लिहायला बसले.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाणी कसं वाहतं, लाट कशी उठते, कशी चालते आणि कशी फुटते याची समीकरणं मांडायची आणि सोडवायची. नाही सुटली, आणि बहुतेक वेळा नाहीच सुटत, तर कॉम्प्युटरला कामाला लावायचं. लहानपणी आमच्या पुळणीवर बसून मी वडिलांना विचारायची, ही लाट एवढ्या लांबून शहाण्यासारखी येते ती नेमकी इथे येऊनच का कोसळते? वडील म्हणायचे, "समुद्राला विचार, मला जेवू दे." समुद्राने दाद दिली नाही, म्हणून मग रत्नागिरीचं कॉलेज, मुंबई, स्कॉटलंडातलं एक थंडगार आणि भिकार जेवणाचं विद्यापीठ, आणि शेवटी पुण्यातली आमची संशोधन संस्था. बंदराच्या बंधाऱ्यावर लाट किती जोराने आपटेल, धरणाचं दार उघडलं तर पुराची लाट खालच्या गावात केव्हा पोचेल, असली कामं केली. लग्न केलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याची जाहीर चौकशी होणार आहे.

नांदेड

मला बोलावणारा होता मिलिंद गायकवाड. माझा जुना विद्यार्थी, आता नांदेडच्या एका कॉलेजात गणित शिकवतो. निमित्त माझ्या व्याख्यानाचं, पण खरं कारण वेगळंच. त्याची एक विद्यार्थिनी, शिवकन्या, आमच्या संस्थेत संशोधनासाठी निवडली गेली होती. मुलाखतीत तिने मला गार केलं होतं. अशा विद्यार्थ्याची मी मनातल्या मनात किती वर्षं वाट बघत होते ते मलाच ठाऊक. निवृत्तीआधीचा माझा शेवटचा विद्यार्थी म्हणजे ही मुलगी, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि सोमवारपर्यंत रुजू व्हायचं असताना ती निघतच नव्हती. फोन केला की, "हाव मॅडम, बघते मॅडम," एवढंच.

"घरी अडलंय, मॅडम," मिलिंद स्टेशनवरच म्हणाला. "फोनवर काम होणार न्हाई. जावं लागल."

"मग जाऊ की."

"पहिल्यांदा खाऊन घ्या," तो म्हणाला. मराठवाड्यात कुठल्याही गंभीर गोष्टीची सुरुवात अशी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याची बायको सुजाता सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आलेली, तरी तिने तव्यावर धपाटे टाकले होते, वर लोणी, बाजूला शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो तोंडदेखला. दुसऱ्यांदा नको म्हटलं की सुटका. इथे तिसऱ्यांदा नको म्हटलं तरी ताटात पडतं, आणि वर "काय खाल्लं बाई तुम्ही, चिमणीएवढं" हे ऐकावं लागतं. मी पाच धपाटे खाल्ले होते.

व्याख्यान झालं. हॉल भरलेला, पोरं हुशार, पण निम्म्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा लिहिलेली. शेवटी एकाने उठून विचारलंच, "मॅडम, ह्याच्यात स्कोप काय हाय?" सगळे हसले. मी म्हटलं, "बाळा, मी चाळीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे हिंडतेय आणि अजून मला सकाळी उठावंसं वाटतं, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" पोरगा म्हणाला, "येड लागलं म्हणतात मॅडम." मला तो फार आवडला.

अर्धापूर

शिवकन्येच्या गावी जाण्याआधी तिने जिथे आपला प्रकल्प केला तो केळीचा मळा मला बघायचा होता. अर्धापूर नांदेडपासून जवळ आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी, आत शिरलं की ऊन हिरवं होऊन अंगावर पडतं. कोकणात आम्ही परसात दोन केळी लावतो आणि त्यावर कविता करतो. इथे नजर पोचेल तिथवर. बहुतेकांनी ठिबक केलंय, पण या मालकांनी एका तुकड्यात अजून पाटपाणी ठेवलं होतं. सरीत पाणी सोडलं की पहिल्यांदा कसं झपझप पळतं, मग काळी जमीन ते पीत जाते तसतसं त्याचं तोंड कसं मंदावतं, आणि कुठे येऊन थांबतं, हे त्या मुलीने मांडलं होतं. पुस्तकातलं समीकरण भेगाळलेल्या जमिनीला लागू पडेना, तेव्हा तिने ते स्वतः बदललं. तेवीस वर्षांची पोर!

मालक म्हणाले, "पाणी सोडलं का ती पाण्याच्या म्होरं उलटी चालायची, पाण्याकडं तोंड करून. एक बार घडावर डोकं आपटलं. आमी हसलो, तर म्हणली, हसू नका काका, पाणी कुठवर आलं ते बघा."

निघताना त्यांनी एक अख्खा घड कापून आमच्या पायाशी ठेवला. मी म्हटलं, अहो, आम्हाला एसटीने जळकोटकडे जायचंय. "मंग? एसटीला काय केळी वर्ज्य हाय?" घड गाडीत चढला. माणसं चढली त्याच्या नंतर.

जळकोटच्या अलीकडे

नांदेडहून मुखेड, आणि मुखेडहून दुसरी गाडी. केळी मिलिंदच्या मांडीवर. वाटेत काळी रानं संपून तांबूस माळ सुरू झाला, बालाघाटचे बुटके डोंगर दिसू लागले. ज्वारी कणसावर आली होती आणि शेताशेतातून हुरड्याचा धूर निघत होता. मी सुजाताच्या हट्टापायी नवी कोरी साडी नेसले होते. तिचं म्हणणं, "पुण्याच्या मोठ्या मॅडम म्हणून चाललाव, त्या मळक्या कुर्त्यात नका जाऊ."

शिवकन्येचं गाव जळकोटच्या अलीकडे, फाट्यापासून आत. घरासमोर उतरलो आणि मी चपापले. अंगण सारवलेलं, सतरंज्या अंथरलेल्या. टोप्या-पटके घातलेली दहा-बारा माणसं ओळीने बसलेली, आणि दारामागे बायकांची गर्दी. शिवकन्येचे वडील मारोतराव पुढे आले, हात जोडले, एक शब्द बोलले नाहीत. बोलण्याचं खातं त्यांच्या थोरल्या भावाकडे, दिगांबररावांकडे होतं.

"याव, याव. तरास झाला का गाडीत?" त्यांनी केळीच्या घडाकडे पाहून समाधानाने मान हलवली. मग आमच्या मागे पाहिलं. "मुलगा न्हाई आला संगट?"

"कोणता मुलगा?" मी म्हटलं.

मिलिंदला जोराचा ठसका लागला.

मग उलगडा झाला. या शहाण्याने फोनवर सांगितलं होतं, "पुण्याच्या मॅडम येऊन राहिल्यात, तुमच्या पोरीला मागायला." गमतीत म्हणाला म्हणे! आता तुम्हीच सांगा: मागणी घालायचा निरोप आला, मध्यस्थ बरोबर आहे, बाई नवी साडी नेसून आलीय, आणि मध्यस्थाच्या खांद्यावर केळीचा घड आहे. यापरतं सोयरिकीचं लक्षण कोणतं? कोणी काय समजावं? मी मिलिंदकडे असं पाहिलं की तो पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात गेला.

मी खरं काय ते सांगितलं. मुलगा नाही, पुतण्या नाही, कोणी नाही. मीच मागते आहे. गणितासाठी.

मग दारामागून एक बाई खुदकन हसली, आणि बघता बघता सगळी बैठक हसायला लागली. दिगांबररावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मंग बिगडलं काय? पोरगी घराभाईर जाणारच हाय. मागणी ती मागणी. बसा. रीतीनं होऊ द्या."

आणि रीतीनं झालं हो! शिवकन्या डोक्यावरून पदर घेऊन सुशीला घेऊन आली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पोहे म्हणा, कढीपत्ता आणि शेंगदाणे घालून. लातूरकडे घरोघरी होतात आणि आमच्या पोह्यांच्या तोंडात मारतात. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माफी मागतेय का हसू दाबतेय ते कळेना. मग माझी तपासणी सुरू झाली. पोरगी राहणार कुठं? होस्टेलची बाई कडक हाय का? जेवणात भाकरी मिळती का निस्ती चपाती? तुमची तब्येत बरी राहती का? पंचमीला, दिवाळीला आम्ही मूळ धाडलं तर लेकीला पाठवाल का? मी जगभरच्या सभांमधून प्रश्न झेलले आहेत, पण इतकी घाबरले कधी नव्हते. मूळ धाडलं, न्यायला माणूस आला, की पाठवीन, असं मी वचन देऊन बसले.

तेवढ्यात दारातून एक आवाज आला. "तुमचं लगीन झालं न्हाई म्हनं?"

इरकली लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पन्नाशी उलटलेली एक उंच बाई उंबऱ्यावर येऊन बसली. या मारोतरावांच्या बहीण. मुक्काम देगलूर. घरात सगळे त्यांना आत्या म्हणतात, त्यांचे स्वतःचे भाऊसुद्धा.

"नाही झालं," मी म्हटलं.

"ह्या गणितापायी?"

"गणितापायी राहिलं असं म्हणायला मला आवडलं असतं, आत्याबाई. ऐकायला भारदस्त वाटतं. पण तसं नाही. माझ्या बरोबरीच्या गणितवाल्या बायकांना नातवंडं आहेत. मला करावंसं वाटलं नाही, म्हणून केलं नाही."

"एकटं वाटत न्हाई?"

असं थेट मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे ही गोष्ट पाठीमागे बोलतात. "वाटतं," मी म्हटलं. "सणासुदीला फार वाटतं. एरवी काम असतं."

"खरं बोलली बाई," आत्याबाई कोणाला तरी म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. ना हो, ना नाही.

हात धुवायला गोठ्याकडे गेलो तेव्हा मिलिंदने खरी मेख सांगितली. इकडे भावाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याचा. आत्याच्या मुलाला मामाची मुलगी. शिवकन्या पाळण्यात होती तेव्हाच आत्याबाईंनी आपल्या नागनाथासाठी शब्द टाकून ठेवला होता. आत्याने हक्क सोडल्याशिवाय बाप कुणालाही मुलगी देऊ शकत नाही. ना नवऱ्याला, ना गणिताला.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही आला नसताव, मॅडम."

शिवकन्या तिथेच म्हशीला पेंड घालत होती. मी तिला सरळ विचारलं, "तुझं काय? तो नागनाथ नको आहे का तुला?"

"नागनाथ चांगला हाय, मॅडम," ती म्हणाली. "देगलूरला त्याचं मेडिकलचं दुकान हाय, मला म्हणतो शिक तुला काय शिकायचं ते. तो वाईट असता तर सोपं होतं." तिने पदराने हात पुसले. "मला लग्न न्हाई करायचं आत्ता. मला लाटाच करायच्यात. पण आत्याला तोडून न्हाई येणार मी. आत्या एकदा रुसली तर ह्या दारात पाय ठेवायची न्हाई. बाबा मरून जातील. मग तिकडं येऊन माझं कशात मन लागल?"

माझ्याजवळ पाण्याचं समीकरण आहे, आत्याचं नाही. पण खरं सांगू, मला त्या क्षणी रागच आला. अशी पोर पाच-दहा वर्षांत एखादी मिळते, आणि एका बाईच्या मर्जीवर अडून राहते! मी दणादण पाय आपटत अंगणात आले.

दिगांबरराव वाट बघत होते. "मॅडम, रीत अपुरी राहिली. पोरीला काय इचारायचं ते इचारा."

पाहायला आलेल्यांनी मुलीला प्रश्न विचारायचा असतो. नाव, शिक्षण, पुरण येतं का. मी म्हटलं, ठीक आहे, रीत म्हणता ना? "शिवकन्या, पाणी लाटेपेक्षा जोरात पळालं तर काय होतं?"

ती वडिलांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "दाखवू?"

डोक्यावरचा पदर कमरेला खोचून ती अंगणातल्या टाकीच्या नळापाशी गेली. खाली बादली ठेवली, म्हणजे पाणी वाया जायला नको. बादलीवर दोन काठ्या आडव्या टाकून त्यांवर तिच्या तोंडाहून लहान पितळी ताट पालथं ठेवलं आणि नळ बारीक सोडला. धार ताटावर पडली, आणि धारेभोवती पाणी काचेसारखं पातळ पसरलं, तीन-चार बोटं जाऊन एकदम उचललं गेलं. तिथे पाण्याचं एक गोल कडं उभं राहिलं. तुम्ही तुमच्या मोरीत हजारदा पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं, स्कॉटलंडला जाईपर्यंत त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं.

"आत्या, इकडं या. बोट लावा."

आत्याबाई दारातून आल्या. सगळी बैठक उठून ताटाभोवती जमली, टोप्या एकमेकींना लागल्या.

"कड्याच्या आत लावा. बघा, बोटाच्या मागं कशी बाणासारखी खूण उठती. म्होरं काहीच जात न्हाई. आता कड्याच्या भाईर लावा. बघा, बारक्या लाटा चहूकडं गेल्या का न्हाई? आतलं पाणी लाटेपेक्षा जोरात पळून राहिलंय, म्हणून लाटेला माघारी येता येत न्हाई. भाईर पाणी दमलं. जिथं ते दमतं तिथं लाट त्याला गाठती, आन् तिथंच हे कडं उभं राहतं."

"खरं का ओ मॅडम?" दिगांबररावांनी विचारलं.

"खरं आहे," मी म्हटलं. "पण ते कडं नेमकं कशाने तिथेच उभं राहतं यावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत. मोठमोठी माणसं भांडतात."

"ताटावरून?"

"ताटावरून."

ही गोष्ट बैठकीला फार पसंत पडली. मारोतराव उकिडवे बसून ताटाकडे बघत होते. आत्याबाईंनी मात्र बोट आत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. "हे तू कवापासून बगून राहिलीस गं?"

"तुमच्याच घरी, आत्या. सुट्टीत यायची तेव्हा. तुम्ही भांडी घासायला बसवायच्याव."

"अय्यो!" आत्याबाई ओरडल्या. "आन् मी वरडायची, कार्टीनं नळ उघडा टाकला, टाकी रिकामी केली!" त्या खळखळून हसल्या. मग हसू थांबलं, आणि बोट तसंच पाण्यात ठेवून त्या हळू म्हणाल्या, "मला लेक न्हाई, मॅडम. दोन्ही लेकच झाले. मला काय सून पायजे नव्हती. सुना बाजारात मिळतात. मला ही पायजे होती."

सगळे पुरुष इकडेतिकडे बघायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला स्वतःची लाज वाटली. मीसुद्धा हीच मागायला आले होते ना? मलाही संशोधक कितीतरी मिळाले असते. मला ही हवी होती.

आत्याबाई उठल्या. "उद्या मुखेडचा बाजार हाय," त्या मला म्हणाल्या. "तितं या. सांगते." आणि नळ बंद करून बादली म्हशीकडे घेऊन गेल्या.

त्या रात्री येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. मी नको नको म्हणायचं सोडून दिलं होतं.

मुखेड

मुखेडच्या बाजारात एवढी मिरची मांडलेली असते की शिंकल्याशिवाय आत शिरता येत नाही. बोंबीलवाल्याची पाटी दिसली आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. समुद्रापासून इतक्या लांब हे बिचारं इथवर कसं आलं असेल! भाव विचारला. घेतले नाहीत, कारण मिलिंदने हात जोडून सांगितलं की केळीनंतर आता एसटीत आणखी काही नको.

शिवकन्या आणि मारोतराव आमच्याबरोबरच आले होते. शिवकन्येची बॅग भरलेली होती. "आत्या हाव म्हणली तर थेट जाईन, न्हाई म्हणली तर बॅग घेऊन घरी," ती म्हणाली, आणि बॅगेवर बसून राहिली.

आत्याबाई भेटल्या त्या सरळ साड्यांच्या दुकानात शिरल्या आणि गादीवर मांडी घालून बसल्या. मी बाहेर उभी. मिलिंद कानात पुटपुटला, "मॅडम, आत चला. हा मान हाय. आत्या हक्क सोडती तेव्हा पोरीला नेणारानं आत्याला लुगडं द्यायचं असतं. तिनं लुगडं घेतलं म्हणजे पोरगी तुमची. न्हाई घेतलं तर न्हाई."

मी आत जाऊन बसले. मला साडीतलं काही म्हणता काही कळत नाही. दुकानदाराने इरकल काढली, आत्याबाईंनी काठ चिमटीत धरून पाहिला. "रंग उतरल." दुसरी. "पोत बरा न्हाई." तिसरी. "हा काय रंग हाय का, औषधाच्या बाटलीचा." साड्यांचा ढीग वाढत चालला. दुकानदार घामाघूम झाला. एसटी स्टँडकडे नांदेडची गाडी लागल्याची हाळी आली. माझा स्वभाव तापट. दोनदा तोंडाशी आलं की बाई, एवढी काय चिकित्सा, साडीच आहे ना! पण तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या साडी बघतच नव्हत्या. नजर सगळी बाहेर, बॅगेवर बसलेल्या पोरीकडे. एक साडी घेतली की संपलं, म्हणून त्या पुढची मागत होत्या.

मी दुकानदाराला थांबवलं. "आत्याबाई," मी म्हटलं, "नका घेऊ. पोरगी तुमची आहे. तुमचीच राहील. मी नुसतं शिकवणार आहे."

"शिकवणार न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "नेणार." आणि ढिगाच्या अगदी तळाला हात घालून, न बघता, एक ओढून काढली. "ही द्या."

निघाली ती पिवळीजर्द, त्यावर हिरव्या बुट्ट्या. त्यांनी कधी नेसली नसती आणि कधी नेसणारही नाहीत. मी दोन्ही हातांनी ती त्यांच्या ओटीत घातली. त्यांनी कपाळाला लावली.

मग धावपळ. शिवकन्या बाहेरूनच सगळं समजली आणि येऊन आत्याच्या गळ्यात पडली. "नळ बंद करत जा तितं," आत्या तिच्या केसात तोंड घालून म्हणत होत्या, "परक्याचं पाणी हाय." नागनाथाला काय सांगायचं असं तिने विचारलं. "मी सांगते," आत्या म्हणाल्या. "मी सांगते, तू जा."

स्टँडवर गाडी घरघरत उभी होती. मिलिंदने बॅग वर टाकली. शिवकन्या खिडकीत बसली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागून कोणीतरी "मॅडम" म्हटलं. आवाज ओळखीचा वाटला नाही, कारण तो मी ऐकलाच नव्हता. मारोतराव. दोन दिवसांत हे पहिलंच बोलले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि माझ्या पायाकडे वाकत होते. मी घाबरून त्यांचे हात धरले.

"अजाण हाय," ते म्हणाले. "चुकलं माकलं तर पदरात घ्या."

लग्नात मुलीचे वडील म्हणतात ते. मी कितीतरी लग्नांत ऐकलंय, अक्षता टाकल्या आहेत आणि जेवायला पळाले आहे. मला कधी कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. मान हलवली, तर डोळ्यांतलं पाणी खाली आलं आणि थांबेचना; सगळं स्टँड बघत होतं, कंडक्टर घंटी मारत होता आणि मी त्या माणसाचे हात धरून ढसाढसा रडत होते.

आत्याबाई गर्दीतून पुढे आल्या. स्वतःचे डोळे भरलेलेच होते. नव्या साडीचं पुडकं काखेत मारून त्यांनी पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा, लहान मुलाचं पुसतात तसं.

"रडायचं काम आमचं हाय," त्या म्हणाल्या. "आम्ही पोरीकडचे. तुम्ही कामून रडून राहिल्याव, इहिणबाई?"